सात पडसादांची तोफ

नॉर्वेच्या त्या खाडीवर, कड्याच्या अर्ध्या उंचीला, जिथे शेळीसुद्धा दोनदा विचार करून पाय टाकी, तिथे येटमुंडने घर बांधले. त्याच्या मुलाने, एलिंगने, पाठीवरून माती वाहून खडकावर बार्लीचे वावर केले. आणि एलिंगच्या मुलाला, ओलेला, एका मार्चमध्ये कोसळत्या बर्फाने गाडले. गुन्हिल्ड ही त्या ओलेची एकुलती लेक.

ओले मेला नाही. पैलतीरावरच्या रास्मुसने होडी घालून, बोटे रक्तबंबाळ होईतो बर्फ उकरून त्याला जिवंत काढले. खाडीवर कायद्याहून जुनी एक रीत होती: ज्या घराने आपला माणूस वाचवला, त्या घराविरुद्ध साक्ष द्यायची नाही, जिवाला जीव परत करेपर्यंत तोंड बंद. रास्मुसने मरेपर्यंत त्या गोष्टीचा उच्चार केला नाही. त्याच्या मुलाने, सेव्हेरिनने, उच्चार न करता एक रविवार जाऊ दिला नाही.

तीन उन्हाळे झाले, खाडीत एक पांढरी आगबोट येऊ लागली होती. तिच्यात ना माल, ना टपाल, ना अमेरिकेला निघालेली बिऱ्हाडे. कुठेही पोहोचायचे नसलेली श्रीमंत माणसे नुसती डोंगर पाहत फिरत. सेव्हेरिन तिचा वाटाड्या. गुन्हिल्डच्या कड्याखाली तो बोटीवरची तोफ डागायला लावी, कारण तिथे आवाज सात वेळा परतून येई. पहिल्या वर्षी दचकून दोन शेळ्या दरीत गेल्या. यंदा घरावरच्या खडकात कोपरापर्यंत हात जाईल एवढी भेग पडली होती, आणि त्या खडकाखाली लेक आस्लाउग दोन तान्ह्यांना घेऊन निजत होती.

"बाई, कड्यावरच्या माणसाची साक्ष आणा, दुसऱ्या दिवशी तोफ बंद," अंमलदाराने सांगितले होते. कड्यावर घर एकच होते, तिचे.

रविवारी चर्चबाहेर तिने अभिमान गिळला.

"सेव्हेरिन, तोफ पुढच्या वळणावर डाग."

"तिथं पडसाद तीनच येतात. पाहुण्यांनी काय तिनावर भागवायचं?"

"माझ्या घरावरचा खडक फुटलाय."

"मग सांग की अंमलदाराला." तो लोकांकडे वळला. "का गं, तुझ्या घरची जीभ अजून त्या बर्फातच आहे वाटतं? बाप माझा, पण उकरायला काही विसरला म्हणायचा."

लोक हसले. गुन्हिल्डजवळ उत्तर होते. रीतीने ते दाताखाली ठेवले.

गुरुवारी बोट आली. काम संपवून सेव्हेरिन कड्याखाली आपल्या होडीत उतरला आणि टोपी उंचावून त्याने इशारा केला. तोफ उडाली. पाच पडसाद आले. सहाव्याऐवजी कड्याची कड आली. घर वाचले, वावराचा निम्मा तुकडा गेला, आणि दगडांखाली सेव्हेरिनच्या होडीच्या चिरफळ्या झाल्या. बोट तोवर वळणाआड जात होती. डेकवरचे लोक हा खेळ पाहून रुमाल हलवत होते.

गुन्हिल्ड पायवाटेने खाली धावली.

"आई, दगड अजून पडताहेत," आस्लाउग ओरडली. "मरू दे त्याला. त्याच्याच करणीनं मरतोय."

"तो मेला तर मी जन्माची मुकी. आपल्या होडीचा दोर सोड."

दोनदा तिने होडी जवळ नेली, दोनदा दगड वल्ह्यापाशी पडला. तिसऱ्या खेपेस तिने सेव्हेरिनची कॉलर पकडली आणि माशाचे जाळे ओढावे तसा त्याला होडीत ओढला. खोकून पाणी ओकल्यावर तो म्हणाला, "गुन्हिल्ड, तुझे उपकार—"

"उपकार तुझ्या बापानं केले. मी तुला ओढला तो बोलता यावं म्हणून. गप्प बस."

तिने त्याला घरी सोडले नाही. कुडकुडत्या सेव्हेरिनसह होडी सरळ अंमलदाराच्या धक्क्याला लावली आणि त्याला पुढे घालून ती कचेरीत शिरली.

"तोफेविरुद्ध साक्ष द्यायची आहे. ती डागायला लावणाऱ्याविरुद्धसुद्धा."

अंमलदाराने टाक खाली ठेवला. "गुन्हिल्डबाई, रीत मलाही ठाऊक आहे. तुमच्या घरावर याच्या घराचा एक जीव आहे."

"तो फिटला की नाही, ते मी नाही सांगणार. ज्याचं येणं, त्यानं सांगावं."

सेव्हेरिनच्या कपड्यांतून जमिनीवर पाणी गळत होते. नाही म्हणावे, तर आपला जीव जीवच नव्हे असे चारचौघांत म्हणावे लागणार. हो म्हणावे, तर आगबोटीची नोकरी गेली.

"फिटलं," तो पुटपुटला.

"मोठ्यानं," गुन्हिल्ड म्हणाली.

"रास्मुसचं ओलेच्या घरावर होतं ते फिटलं. पुरतं फिटलं."