ठसे न धरणारा प्रोजेक्टर

मीटिंगची खोली सगळ्यांची, म्हणजे पुसायची एकट्या सफाईवाल्या मावशींनी. साहेबांनी तिथं बोटांचे ठसे न धरणारा प्रोजेक्टर आणला आणि स्वतःच घडवल्याच्या थाटात पाहुण्यांना दाखवायला लागले.

"मावशी, तुमच्या फडक्याला आता कायमची सुट्टी!" असं म्हणून त्यांनी प्रोजेक्टरच्या पाठीवर पंजा दाबला. ठसा उमटला नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवून त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. मग काय, शहाण्यानं पुढच्या भिंगावरही अंगठा दाबला!

भिंतीवर साहेबांचाच हसरा फोटो झळकत होता. त्याचं नाक-तोंड धुरकटून एक झालं.

"मावशी, फडकं आणा!"

मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"ते सुट्टीवर आहे, साहेब."