सोडलेली भाजी

तुळशीदासला भाजीचे भारी वेड. कोकणातून लालबागला गिरणीत आला, तरी ताटात टाकळा, माठ, शेवग्याचा पाला, काहीतरी हिरवे लागेच. चाळीतले लोक त्याला बकरा म्हणत. आणि नेमकी तीच भाजी त्याच्या आईने देवीला देऊन टाकली.

प्लेगच्या साली त्याच्या जांघेत गाठ आली. त्याची आई सोनूबाई धावत प्रभादेवीला गेली आणि पदर पसरून म्हणाली, "माझा तुळश्या वाचू दे, आये. जल्मभर भाजीला तोंड लावणार नाय तो." नवसाची रीतच तशी, जे सर्वांत आवडते तेच सोडायचे. म्हातारीने जिलबी सोडली असती तर कुणाचे काय बिघडले असते? पण गिरणीतल्या माणसाला जिलबी मिळते कधी, आणि देवीला काय फसवायचे? गाठ फुटली, ताप उतरला, पोरगा उठून बसला. भाजी सुटली ती सुटली.

मग उरले काय? रंगूनच्या तांदळाचा पांढराफेक भात, सुकट आणि कुळथाची पिठी. वर्षभरात तुळशीदासचा कोठा पार आवळला. शौचाला जायचे म्हटले की डोळ्यांत पाणी येई. मूळव्याध झाली, रक्त जाऊ लागले, गिरणीत मागाच्या साच्यासमोर उभ्या उभ्या घेरी येऊ लागली. गिरगावच्या वैद्याने नाडी पाहिली आणि त्याच्या बायकोला, रखमाला सांगितले, "औषध नावाला देतो. खरे औषध तुझ्या चुलीवर आहे. दोन्ही वेळा पालेभाजी घाल. नाहीतर हा माणूस हातचा जाईल."

रखमाने सासूचे पाय धरले. सासू म्हणाली, "वैद्याने वाचवला काय त्याला? देवीने वाचवला." मला संताप येतो अशा वेळी. पण म्हातारीवर रागावताही येत नाही, कारण गाठ आली तेव्हा शेजारीपाजारी पळाले होते आणि ती एकटीच त्याच्या उशाशी बसून होती.

रखमा मात्र गप्प बसणारी नव्हती. सकाळी सासू टोपली घेऊन सुकट विकायला गेली, की ती माठ नाहीतर शेवग्याचा पाला शिजवी, पाट्यावर गंधासारखा वाटी आणि कुळथाच्या पिठीत ढवळून टाकी. पिठीचा रंग मुळातच काळपट, वर लसणीची खमंग फोडणी, ओळखणार कोण? नाचणीच्या भाकरीतही ती पाला मळू लागली. तुळशीदास बोटे चाटून खाई.

आणि गुण आला. कोठा मोकळा झाला, रक्त थांबले, गालांवर रंग चढला. संध्याकाळी तो चाळीच्या कठड्याला टेकून शेजाऱ्यांची थट्टा करू लागला. रखमाला वाटले, जिंकले आपण.

सुट्टीच्या दिवशी तिघे जेवायला बसली होती. तुळशीदास म्हणाला, "बघितलंस, आये? देवीने दुसऱ्यांदा हात दिला. आता रखमाने पण भाजी सोडायची. सगळ्या घराचाच नेम करू."

रखमाला राहवेना. "देवीने नाय, भाजीने बरं केलं. महिनाभर भाजीच खाताय तुमी. ह्या पिठीत हाय ती."

तिला वाटले होते, आधी रागावेल आणि मग हसेल. तो मोरीकडे धावला आणि घशात बोटे घालून ओकू लागला. सोनूबाई ओरडली नाही. भिंतीला टेकून एवढेच म्हणाली, "माझा शब्द मोडलास गो." दुसऱ्या दिवशी ती देवळाच्या पायरीवर नाक घासून आली.

त्यानंतर तुळशीदास बायकोच्या हातचे खाईना. आईच चूल पेटवी, आईच वाढी. भात, सुकट, मीठ. पुन्हा रक्त जाऊ लागले. दिवाळीपर्यंत गिरणीत त्याच्या जागी दुसरा माणूस उभा राहिला आणि हा घोंगडी पांघरून दाराशी पडून राहू लागला.

एके दुपारी रखमा माठाची भाजी ताटलीत घेऊन सरळ त्याच्यासमोर बसली. "आज लपवून नाय आणली. खावा. देवीला सांगते मी, काय करायचं ते माझं कर."

"तुझं करील म्हणून तर खात नाय," तो म्हणाला. "भाजीने बरं वाटलं, ते ठाव हाय मला. पण देवीने आयेला नेलं, तुला नेलं, तर मी बरा होऊन काय करू?"

एवढी माया करणारा माणूस, आणि त्या मायेपायीच मरायला बसलेला. रखमा ताटली उचलू लागली तेव्हा त्याने तिचा हात धरला.

"टाकू नको. तू खा. हितं बसून खा. मी बघतो."

मग ती रोज त्याच्यासमोर बसून भाजी खाऊ लागली. तो वास घेई, लसूण जास्त पडली काय म्हणून विचारी. तिला ती भाजी नकोशी झाली होती. पण तो बघत असे, म्हणून ती गिळी.

शिमग्याआधी तो गेला. नळावर बायका कुजबुजल्या, "नवरा झिजून झिजून गेला, आणि ही बघा कशी तुकतुकीत." रखमाने ऐकले. त्यात खोटे काहीच नव्हते. रोजची भाजी तिला चांगलीच मानवली होती.