नीलिमाचं कोरडं गणित

मानवजातीच्या ज्ञानाचा पुढचा अध्याय रायपूरच्या गुढियारीत लिहिला जाणार आहे, असं मी हात उंचावून जाहीर केलं. शेजारी हिरालाल म्हणाले, "आधी पाय उचला भाऊ. पोट्टीच्या वायरवर उभे हा तुमी."

पोट्टी म्हणजे त्यांची लेक नीलिमा. नवा रायपूरच्या एका संस्थेत ती पाच वर्षं रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती, तीही कॉम्प्युटरवर. परीक्षानळी नाही, धूर नाही, हाताला डाग नाही. तिची आई अंजनाबाई म्हणायच्या, "वासच नाही येत, तं रसायन कायचं?"

पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक धरून ठेवील असा एक रेणू नीलिमानं रचला होता. तो किती घट्ट धरतो, हे मशीनकडून मोजून घेतलं होतं. उत्तर झकास आलं होतं. सोमवारी प्रबंध द्यायचा, जुलैत नागपूरला नोकरी.

शुक्रवारी ती जेवता जेवता थांबली.

"आई, मैंने पानी ही नहीं डाला."

"वरणात?"

"गणितात!"

मशीनला द्यायच्या सूचनांत एक ओळ राहून गेली होती. त्यामुळे शेवटच्या, सगळ्यात महत्त्वाच्या गणितात तिचा रेणू पाण्यातलं विष पाण्याशिवायच धरत होता. हे जगात एकट्या तिलाच ठाऊक होतं. गाईड सही करून मोकळे झाले होते. पुन्हा मोजायचं तर सहा आठवडे लागणार, नोकरी जाणार. आणि पाण्यात रेणूची पकड सुटली, तर पाच वर्षं गेलीच.

"काहून सांगतं वं कोणाले?" अंजनाबाई म्हणाल्या. "कोण पाह्यते?"

हिरालाल रेल्वेच्या सिग्नल केबिनमधून रिटायर झालेले. ते ताटाकडे बघतच बोलले, "एक डाव लाईनवर काहीतरी हाय असं वाटलं मले. मेल पाऊण घंटा उभी ठेवली. काही नव्हतं. वरून चार्जशीट भेटली."

"मग, बाबा?"

"मंग काही नाही. झोप चांगली लागली."

सोमवारी तिनं प्रबंध दिला नाही. नागपूरला कळवून टाकलं आणि पाणी घालून पहिल्यापासून मोजायला बसली. टिंगल करायला काही सापडतं का, म्हणून मी रोज चक्कर मारायचो. रोज रिकाम्या हातानं परत यायचो.

रेणूनं पाण्यातही धरलं, पण पकड निम्मीच. तिनं तसंच लिहिलं. वर आधीचं चुकलेलं उत्तरही एका स्वतंत्र पानावर छापलं, चूक माझी म्हणून.

तोंडी परीक्षेला आम्ही तिघं दोन बस बदलून पोचलो. पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं.

"हे लिहिलं नसतंत, तर मला कळलं नसतं," ते म्हणाले. "पंचवीस वर्षांत असं पान माझ्यापुढे कुणी ठेवलं नाही."

मग चष्मा काढून पुसत बसले. पास की नापास, पत्ता नाही. अंजनाबाईंनी माझं मनगट आवळलं. हिरालाल ताठ.

परीक्षकांनी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि उभे राहिले.

"डॉक्टर नीलिमा," ते म्हणाले, "माझी साडेपाचची गाडी आहे. मला कुणी स्टेशनपर्यंत सोडेल का?"