चौथा शब्द

आमच्या संशोधनाचे प्रमुख मेंग सर, त्यांनी आधी ठरवलं होतं की तेसॉबला पुन्हा बेटावर पाठवायचंच नाही. मग मला बोलावून म्हणाले, "मीग्योंग, तूच जा. पण त्यालाही ने. शेजारी बसव आणि तोंड उघडू देऊ नकोस."

तेसॉब माझ्याहून लहान, पण या कामात चांगला मुरलेला. चाचणी घेताना भलताच शब्द बोलून जाण्याची चूक त्याच्या हातून होईल असं मला वाटत नव्हतं. पण बेटावरून आलेल्या विचित्र उत्तरांचं सरांना दुसरं कारण सापडत नव्हतं.

काम असं होतं. म्हातारपणी माणसाची आठवण कितपत शाबूत आहे हे पाहायची एक चाचणी आहे. ती सोलमध्ये, सोलच्या माणसांवर बेतलेली. तीच देगू शहरातल्या म्हाताऱ्यांना आणि दक्षिणेकडच्या बेटांवर समुद्रात बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या पाणबुड्या बायकांना दिली तर गुणांची तुलना करता येईल का, की माप सारखं दिसत असूनही प्रत्यक्षात वेगळंच भरेल, हे आम्ही तपासत होतो. काही प्रश्न तर पहिल्याच दिवशी बाद झाले. 'आपण कितव्या मजल्यावर आहोत?' असं हामे बेटावर विचारल्यावर वृद्धांच्या बैठकीच्या खोलीत हशा पिकला होता. "वर छप्पर आहे नि छपरावर मांजर आहे. त्याला मजला म्हणायचं तर म्हण बाबा!" शंभरातून सात वजा करा म्हटलं की शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका गप्प व्हायच्या. पण जाळीतले शिंपले विकून किती उरले हे एका दमात सांगायच्या. हे सगळं आम्हाला अपेक्षित होतं.

अपेक्षित नव्हतं ते तीन शब्दांचं. झाड, मोटार, टोपी. हे शब्द सांगायचे, समोरच्याकडून म्हणवून घ्यायचे, 'लक्षात ठेवा, मी परत विचारणार आहे' असं बजावायचं. मग कागदाची घडी घालायला लावायची, एखादं चित्र काढून घ्यायचं आणि मग अचानक विचारायचं. सोलमध्ये एखादा शब्द निसटतोच. देगूतही तसंच. हामेवर मात्र जवळपास प्रत्येक बाईला तिन्ही शब्द आठवले. वर प्रत्येकीनं एक चौथा जोडला. सगळ्यांचा एकच. ओक्दान.

ते मुलीचं नाव होतं, आमच्या आज्यांच्या पिढीत ठेवायचे तसलं.

"मी नाही बोललो हो," तेसॉब बोटीत मला परत परत सांगत होता. "आईशप्पथ, ताई. मला हे नाव माहीतसुद्धा नव्हतं."

"बरं बाबा, नाही बोललास. आता खाली बघ, नाहीतर ओकशील."

हामेवरची बैठकीची खोली गरम होती. जमीन खालून तापवलेली, कोपऱ्यात रताळी भाजत ठेवलेली. जॉम्दॉक आजी तिथल्या मुख्य. ऐंशी ओलांडलेली, पण अजून पाण्यात उतरणारी, आणि बाकीच्या बायका तिच्या डोळ्यांच्या इशाऱ्यावर चालायच्या. मला बघून म्हणाली, "गेल्या वेळी बुवा आला होता, आता बाई आली. आमची डोकी तपासून तुम्हाला मिळतं काय गं?"

"तुमची डोकी शहरापेक्षा बरी चालतात असं दिसतंय, आजी."

"ते आम्हाला ठाऊक आहे. कॉफी घे."

पहिली बाई बसली. मी शब्द सांगितले, तिनं म्हटले, मी बजावलं, घडी, चित्र. मग विचारलं. "झाड, मोटार, टोपी," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "ओक्दान."

ती उठून गेल्यावर मी तेसॉबकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, तुम्ही बोललात."

"काय बोलले?"

"ते नाव. 'परत विचारणार आहे' म्हणालात, मग मान खाली घातलीत आणि हळूच बोललात. आवाज पण... तुमचा नव्हता."

मी चिडले. "स्वतःची चूक माझ्या गळ्यात मारतोस होय?"

"मग आता मी बसतो. तुम्ही ऐका."

दुसऱ्या बाईसमोर तो बसला. मी अगदी कान टवकारून ऐकत होते. झाड, मोटार, टोपी. लक्षात ठेवा, मी परत विचारणार आहे. मग त्याची मान खाली गेली, पेंग आल्यासारखी. ओठ हलले आणि त्या धिप्पाड पुरुषाच्या तोंडून एका पोरीचा बारीक आवाज आला. "ओक्दान." लगेच मान वर करून तो कागदाची घडी कशी घालायची ते सांगू लागला. त्याला काहीच कळलं नव्हतं. समोरची म्हातारी दचकली नाही. ती आपल्या गुडघ्यांकडे बघत बसली, आणि तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं.

मला तिथून उठून सरळ धक्क्यावर जावंसं वाटलं. पण वारा सुटला होता आणि बोट दुसऱ्या दिवसाशिवाय निघणार नव्हती. मी जॉम्दॉक आजीला बाजूला घेऊन विचारलं, "ओक्दान कोण?"

"कोणी नाही."

"सगळ्या तिचं नाव घेतायत, आजी."

"म्हाताऱ्या आहेत. काहीही बरळतात." मग आपणहूनच म्हणाली, "त्या टोकाच्या घरात माल्ले आजी राहते. तिच्याकडे जाऊ नका. तिला चमचा कुठला नि जेवायची काडी कुठली हेही कळत नाही हल्ली. तिची कसली परीक्षा घेता?"

ती असं म्हणाली नसती तर कदाचित मी गेले नसते.

माल्ले आजी नव्वदीच्या पुढची होती. अंगणात उन्हाला बसून लसूण सोलत होती, आणि सोललेल्या पाकळ्या पुन्हा सालींतच टाकत होती. आम्हाला बघून हसली, तेसॉबच्या हातात एक पिकलेलं पर्सिमनचं फळ कोंबलं. जॉम्दॉक आजी आमच्या मागोमाग आली होती. ती फाटकातच थांबली.

मी शब्द सांगितले. म्हातारीनं ते नीट म्हटले. मी बजावलं. घडी तिला जमली नाही, चित्र तिनं काढलं नाही, नुसती पेन्सिल हातात धरून बसली. शेवटी मी विचारलं, "आजी, मघाशी मी काय सांगितलं होतं, आठवतं?"

ती वैतागली. "आता तर बोललीस तू! परत काय विचारतेस?"

"काय बोलले मी?"

"'आई, पाणी फार गार आहे.'"

मी तेसॉबकडे पाहिलं. पर्सिमन त्याच्या हातातून पडलं होतं. त्यानं मान हलवली. हो, बोललात.

"मग वर ये ना गं," माल्ले आजी माझा हात चोळत म्हणाली. "किती गारठलाय हात. कोण थांबलंय तिथे तुझ्यासाठी?"

माझे हात खरंच बर्फासारखे झाले होते. कितीतरी वेळ त्यांत ऊब आली नाही.

फाटकात जॉम्दॉक आजी मटकन खाली बसली. तिच्या घशातून पाणबुड्या बायका वर आल्यावर सोडतात तसला लांब, शिट्टीसारखा श्वास निघाला. मग तशीच गुडघ्यांवर सरकत ती म्हातारीपुढे आली.

"माल्ले काकी, ओक्दान पुसानला गेलीच नव्हती."

म्हातारी ऐकत होती.

"चौघी उतरलो होतो. समुद्र फिरला. तिघी वर आलो. दोरीला बांधलेला तिचा तरंगता भोपळा पाण्यावर अजून हलत होता, काकी. मी पाहिला. बोट उलटेल म्हणून मी नावाड्याला म्हटलं, सगळ्या आल्या, चल. मग गावाला सांगितलं, कुणा माणसाबरोबर पुसान शहरात पळाली. तुमच्या तोंडावर सांगितलं. आणि ठरवलं, पुन्हा तिचं नाव घ्यायचं नाही. तुम्ही पत्राची वाट बघत होतात, तरी नाही घेतलं."

माल्ले आजीनं लसणाची एक पाकळी उचलली, सोलली, आणि या वेळी बरोबर वाडग्यात टाकली.

"पुसानची पोरं पत्रं लिहीत नाहीत, असं मला वाटायचं," ती म्हणाली. "मी तिला फार शिव्या दिल्या, जॉम्दॉक."

वारा पडल्यावर, बुडालेल्या जिवाला वर बोलवायला मुख्य भूमीवरून एक देवरशी बाई आणवली. तांदळानं भरलेला पितळी वाडगा कापडात घट्ट गुंडाळला, लांब पांढऱ्या कापडाला बांधून समुद्रात सोडला आणि ती ओक्दानचं नाव घेऊन हाका मारू लागली. मग सगळ्या बायका हाका मारू लागल्या. इतक्या वर्षांनी मोठ्यानं घेतलेलं ते नाव खडकांवर आपटून परत येत होतं. वाडगा वर ओढून गाठ सोडली तेव्हा तांदूळ कोरडेच होते. त्यांत एक केस होता. लांब, काळाभोर. जमलेल्या सगळ्या बायकांचे केस पांढरे आणि आखूड. माल्ले आजीनं तो केस उचलून बोटाभोवती गुंडाळला आणि मूठ मिटली. त्याच हिवाळ्यात ती गेली, शांतपणे.

वसंतात सरांनी आम्हाला पुन्हा पाठवलं. आधीच्या दोन्ही फेऱ्यांचे आकडे त्यांनी बाद केले होते, आणि मी कारण सांगायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता. तेसॉब आणि मी आळीपाळीनं एकमेकांवर लक्ष ठेवून बसलो. कुणाची मान खाली गेली नाही. एकाही बाईनं चौथा शब्द म्हटला नाही.

पण तिसराही निसटू लागला होता. काहींना दुसराही आठवेना. "झाड," जॉम्दॉक आजी म्हणाली, आणि माझ्याकडे बघून मोकळी हसली. "आणि? आणि काय बरं?" मी तिला इतकं हलकं, इतकं लहान मुलासारखं हसताना पाहिलं नव्हतं. हिवाळ्यात हीच बाई सगळ्यांत पक्की होती.

मेंग सर खूश झाले. बेट आणि शहर आता एका रेषेत आले होते. "बघ, मी म्हणत नव्हतो? आता तुलना करता येईल." मी हो म्हटलं.

निघायच्या दिवशी धक्क्यावरून बायका कामाहून परतताना दिसल्या. जॉम्दॉक आजी काठावर उभी राहून एकेकीचं नाव पुकारत होती, आणि एकेक जण ओ देत होती. सगळ्या वर आल्या. मग ती वळली, आणि गावाकडे यायचं सोडून, वाट विसरल्यासारखी उलट दिशेनं खडकांकडे चालू लागली. एक बाई ओल्या कपड्यांनिशी धावत गेली आणि तिनं तिचा हात धरला.