वाढत्या अंगाची

“पोरगी वाढीची आहे, भाऊ. वाढत्या अंगाची द्या,” कामिनीताई म्हणाल्या आणि भिंतीवरच्या मोठ्या निळ्या बॅगेकडे त्यांनी बोट दाखवलं.

कवडूनं ती बॅग काढली नाही. काउंटरवर पडलेली शिंप्याची टेप उचलून त्यानं गळ्यात अडकवली.

“आधी पाठ मोजू ना, ताई.”

“पाठ कायले मोजता? उंची सांगतो ना मी. चार फूट अकरा.”

“उंचीचं काम नाही. कोणाचे पाय लंबे राहतात, पाठ आखूड राहते. बॅग काय पायाले टांगाची आहे?”

कामिनीताईंची लेक गार्गी फिस्सकन हसली. ती आठवीत होती. शाळेची मुलं मे महिन्यात आठ दिवस हिमाचलात डोंगर चढायला जाणार होती आणि मायलेकी त्यासाठी कोराडीच्या कॉलनीतून सकाळच्या बसनं शहरातल्या महाल भागात आल्या होत्या. शाळेनं सामानाची यादी दिली होती. त्यात पहिल्याच ओळीत बॅग होती, आणि कामिनीताईंना दुपारच्या आत बाराव्या ओळीपर्यंत पोचायचं होतं. त्यामुळे पाठबिठ मोजणाऱ्या माणसाकडे त्या, हा आता जन्मपत्रिकाही मागतो की काय, अशा नजरेनं बघत होत्या.

बापूजींच्या या दुकानात कवडू पंचवीस वर्षं बॅगा विकत होता. स्वतः तो एकही डोंगर चढलेला नव्हता. रामटेकच्या गडाला पायऱ्या आहेत, तो धरायचा नाही. पण दुकानात लागण्याआधी चार वर्षं त्यानं इतवारीच्या बाजारात धान्याची पोती वाहिली होती, आणि ओझं कुठं बसलं म्हणजे माणूस चालतो आणि कुठं बसलं म्हणजे माणूस बसतो, हे त्याच्या पाठीला पाठ होतं. पुढे कॉलेजच्या पोरांना ट्रेकचं वेड लागलं, तशा बापूजींनी सुटकेसांच्या जोडीला या उंच बॅगा आणल्या. कंपनीचा एक माणूस पुण्याहून येऊन दोन दिवस काय काय सांगून गेला. त्यातलं इंग्रजी कवडूच्या डोक्यावरून गेलं. बाकीचं त्याला आधीच माहीत होतं.

“मान खाली घाल, बेटा. मानेवर जे हाड वर येते, तिथं टेपचं टोक धरा, ताई.” मुलगी असली की तो टेप आईच्या हातात द्यायचा आणि स्वतः हातभर लांब उभा राहायचा. “आता कमरेवर हात ठेव. भांडाले उभी राहिल्यावानी. अंगठे मागं. त्या दोन अंगठ्यांच्या मधात किती येते, वाचा.”

“सोळा इंच,” कामिनीताईंनी वाचलं.

कवडू जरा थांबला. मग स्टुलावर चढून त्यानं एक लहान लाल बॅग काढली. तिच्यात वाळूच्या चार पुरचुंड्या भरल्या, गार्गीच्या पाठीवर चढवली आणि म्हणाला, “खांद्याचे पट्टे मागून. पहिले कमरेचा कस. हाडावर बसला पायजे, पोटावर नाही. हं. आता माळ्यावर जाऊन ये. पाच डाव.”

दुकानाच्या मागच्या बाजूला माळ्यावर जाणारा अरुंद लाकडी जिना होता. कवडूच्या गिऱ्हाइकाला तो चुकत नसे. गार्गी पाच वेळा चढली, उतरली.

“खांद्याले लागते?”

“नाही, काका. कमरेलेच वाटून राहिलं सगळं.”

“तुही बॅग हीच.”

कामिनीताईंनी लाल बॅग मागून-पुढून बघितली. त्यांचा जीव अजून निळीतच होता. “हे पुढच्या साली छोटी होईन, भाऊ. ते निळी घेतली तर कॉलेजपर्यंत चालते. जराशी मोठी आहे तर काय होते? पोट्टी काय आहे तेवढीच राहणार हाय काय?”

कवडूनं टेप गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. “निळी मी नाही देत,” तो म्हणाला.

गल्ल्यामागं पेपर वाचणाऱ्या बापूजींनी चष्म्यावरून बघितलं. गिऱ्हाईक मोठा माल मागतंय आणि नोकर लहान माल गळ्यात मारतोय, असा प्रकार त्यांच्या वडिलांच्या काळापासून दुकानात घडला नव्हता.

“छोटी झाली का हेच घेऊन या. मी बदलून देतो. मोठी देतो,” कवडू म्हणाला.

“कवडू,” बापूजी म्हणाले, “हे दुकान हाय का लायब्ररी?”

“माह्याकडून देईन, बापूजी. दुकानातून नाही.”

बदलून मिळतंय म्हटल्यावर कामिनीताईंचं मन वळलं. लाल बॅग पाठीवरच घेऊन गार्गी दुकानाबाहेर पडली. बापूजींनी पुन्हा पेपर वर धरला. त्यांना सगळं ठाऊक होतं.

झालं होतं ते असं. कवडूला दुकानात वीस वर्षं झाली, तेव्हा बापूजी खूश होऊन म्हणाले होते, “यातली कोणतीही एक बॅग घे, तुझ्या घरासाठी.” कवडूच्या घरात डोंगर चढणारं एकच माणूस होतं, त्याची नववीतली लेक मेघा. तिचं नाव शाळेतून डोंगरातल्या दहा दिवसांच्या शिबिराला लागलं होतं. एकुलती एक. कवडूच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून त्याच्या आईनं तो जन्मल्यावर त्याला शेजारणीला कवडीला विकला, परत घेतला आणि नावही तेच ठेवलं, म्हणजे दृष्ट लागू नये. मेघाच्या वेळी सुभद्रेनं, त्याच्या बायकोनं, ऐकलं नाही. माझ्या लेकीला मी छान नाव ठेवणार, म्हणाली.

मेघाची पाठ कवडूनं स्वतः मोजली. सोळा भरली. आणि त्यानं तिला अठराची बॅग घेतली.

गिऱ्हाइकांना त्यानं कधी अशी चुकीच्या मापाची बॅग दिली नव्हती. पण घरी तो दुकानदार नव्हता, बाप होता, आणि त्या घरात पोरीला मापाची वस्तू कधी आलीच नव्हती. झगा आला तो घोट्यापर्यंत. गणवेश आला त्याला आत चार बोटं दुमड. चपलांच्या पुढे कापूस. सगळं वाढत्या अंगाचं. तशीच हिरवी बॅग आली, अठराची, कारण अशी वस्तू आयुष्यात एकदाच मिळणार आणि पोरगी काय नववीतच राहणार होती?

“बाबा, हे मोठी होते मले,” मेघा म्हणाली होती.

“तू होशील ना मोठी. पुढच्या साली बरोबर बसल.”

ती गेली. बाराव्या दिवशी परत आली, जराशी वाकून चालत. खिंडीपर्यंत पोचलीस का, असं विचारल्यावर म्हणाली, नाही, पाय मुरगळला, सरांनी खाली ठेवलं. बॅग कशी होती, असं कवडूनं अगदी दुकानदारासारखं विचारलं.

“मस्त होती, बाबा.”

त्याच साली भाद्रपदात तिला ताप आला. डेंग्यू. गुरुवारी दवाखान्यात नेलं आणि पुढच्या बुधवारी सगळं संपलं.

भेटायला तिचे सर आले. पाणीसुद्धा न घेता बराच वेळ खाली बघत बसले, मग म्हणाले, “फार जिद्दीची पोर. कमरेचा पट्टा हाडावर बसेना, सगळं ओझं खांद्यांवर. दोन्ही खांद्यांची सालं निघाली होती तिच्या. मी म्हटलं, बॅग खेचरावर टाक. तर नाही. दोन दिवस तशीच चालली. शेवटी मीच तिला माघारी पाठवली. घरी सांगू नका म्हणून शपथ घातली होती मला.”

सर गेल्यावर कवडूनं कपाटावरची हिरवी बॅग खाली काढली. खांद्याच्या पट्ट्यांना आतून काहीतरी जाड लागत होतं. मेघानं तिचे शाळेचे पांढरे मोजे घडी घालून पट्ट्यांना शिवले होते. निळ्या दोऱ्यानं, वेडेवाकडे टाके. सुईदोरा जवळ असू दे, कामी पडते, असं कवडूनंच तिला जाताना सांगितलं होतं. पोर वेदनेनं मेली नाही, बॅगेनंही मेली नाही, हे त्याला कळत होतं. पण तिच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका डोंगरावरून आपण तिला अर्ध्यातून परत फिरवली आणि तिनं ते आपल्याला कळू दिलं नाही, एवढं त्याच्या काळजात जे रुतलं ते रुतलं. बॅग पुन्हा कपाटावर गेली. घरात तिचं नाव कुणी काढलं नाही.

दोन उन्हाळे गेले. दहावीची परीक्षा संपली आणि एप्रिलच्या एका टळटळीत दुपारी गार्गी आईबरोबर दुकानात आली, लाल बॅग हातात घेऊन. कवडूनं तिला आधी ओळखलंच नाही. आईच्या डोक्यावर तिचं डोकं गेलं होतं.

“भाऊ, तुम्ही म्हटलं होतं. ध्यानात आहे ना?” कामिनीताईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात जरा संकोच होता. दोन वर्षांपूर्वीचं तोंडी बोलणं कोण पाळतं?

कवडूनं टेप त्यांच्या हातात दिली. मान खाली, हात कमरेवर, अंगठे मागं. या वेळी त्याला सांगावं लागलं नाही, गार्गीच्या सगळं लक्षात होतं.

“अठरा,” कामिनीताई म्हणाल्या.

कवडूनं मान हलवली. “पक्कं अठराच ना?” त्यानं विचारलं. पुन्हा मोजायला लावलं. अठराच होते.

“उद्या या,” तो म्हणाला.

घरी जाऊन त्यानं स्टूल ओढलं. सुभद्रा आतून हात पुसत आली आणि दारातच थांबली. हिरवी बॅग त्याच्या हातात होती आणि सात वर्षांची धूळ त्याच्या सदऱ्यावर पडली होती.

“काहून काढली?”

“एका पोरीले बरोबर बसते.”

सुभद्रेनं बॅग त्याच्याकडून घेतली, फडक्यानं पुसली, मांडीवर आडवी ठेवून बसली. किती तरी वेळ नुसती पट्ट्यांवरून हात फिरवत होती. कवडूला वाटलं, नाही म्हणेल. नाही म्हणाली असती तर त्याला बरंच वाटलं असतं.

“किती मोठी आहे पोरगी?” तिनं विचारलं.

“दहावी झाली. लंबी आहे.”

“मोजे मले राहू दे,” सुभद्रा म्हणाली, आणि डब्यातून कात्री काढून तिनं एकेक टाका उसवायला घेतला. लेकीच्या शिवणाला ती कधी नावं ठेवायची, एका ओळीत दोन टाके येत नाहीत तुझे म्हणायची. आता कात्री टोचून एकही दोरा तुटू नये म्हणून ती टाके नखानं ओढून काढत होती. कवडू समोर बसून बघत राहिला. दोघांनीही डोळे पुसले नाहीत, कारण पुसले असते तर दुसऱ्याला दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं हिरव्या बॅगेत वाळूच्या सहा पुरचुंड्या भरल्या. गार्गीनं आधी कमरेचा पट्टा कसला, मग खांद्याचे. बॅग तिच्या पाठीला अशी चिकटून बसली की कवडूला पट्टे ओढून बघायचीही गरज पडली नाही. तरी तो म्हणाला, “माळ्यावर जाऊन ये. पाच डाव.”

ती पाच वेळा गेली आणि आली. जिन्याच्या पायऱ्या करकरल्या. कवडू मोजत होता.

“कमरेलेच वाटून राहिलं, काका. खांदे एकदम मोकळे.”

“वापरलेली आहे काय, भाऊ?” कामिनीताईंनी विचारलं. वाईट मनानं नव्हे, बायका वस्तू घेताना विचारतात तसं.

“एकच डाव.”

गार्गीनं बॅग उतरवून वरचं झाकण उघडलं. आतल्या कापडावर काळ्या पेनानं लिहिलेलं होतं, ते तिनं मोठ्यानं वाचलं. “मेघा. नववी ब.” मग वर बघितलं. “मेघा कोण, काका?”

“माही पोरगी.”

गल्ल्यामागचा पेपर खाली आला. बापूजी कवडूकडे बघत होते.

“मग तिले नाही लागत काय हे?” गार्गीनं विचारलं.

कवडूनं पट्ट्यावरून अंगठा फिरवला. दोऱ्याची बारीक छिद्रं अजून हाताला लागत होती.

“नाही, बेटा,” तो म्हणाला. “मोठी झाली ते आता. तिले छोटी होते.”

मायलेकी निघाल्या. दुकानाच्या पायरीवरून कवडूला त्या गल्लीतून जाताना दिसत होत्या. स्कूटरला वाट द्यायला गार्गी भिंतीशी सरकली, पुन्हा चालू लागली, आणि बॅग कुठंही डुलली नाही. वळणापाशी हिरवा रंग दिसेनासा झाला, तेव्हा तो आत आला.

काउंटरवर लहान लाल बॅग राहिली होती. बापूजींनी ती उचलून पाहिली. दोन डोंगर चढून आलेली, पण चांगली होती.

“हिचं काय करतोस? विकाले ठेवू?”

“नाही, बापूजी. घरी नेतो,” कवडू म्हणाला. त्यानं बॅगेवरची धूळ झटकली आणि तिचे पट्टे एकावर एक नीट घातले. “सोळाची आहे. बरोबर मापाची.”