वर सरकलेला मासा

मी भिंत बोलतेय. गल्ली जिथे संपते, तिथून पायऱ्या खाली ओढ्यात उतरतात. त्या पायऱ्यांच्या कडेची, गिलाव्याची ती मीच. पाय ओढ्यात आणि डोकं गल्लीत, असा माझा संसार. कुणालाही विचारा, "ती होय, माशाची भिंत," असंच सांगतील. त्या माशापायीच आज तोंड उघडतेय, नाहीतर गप्प राहण्यात माझा हात कोण धरणार?

गवंड्यानं मला बांधलं ते काठाची माती धरून ठेवायला. पुढे कुणी मला सायकल टेकवायचं, कुणी ओली चादर वाळत टाकायचं. मग एका वर्षी ओढा न सांगता गल्लीत शिरला आणि भांडीकुंडी, अंथरुणं सगळं घेऊन गेला.

पाणी ओसरल्यावर पेंटरकाका खाली उतरले. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा. ओढ्याच्या अगदी बुडाशी पोतं अंथरून ते बसले आणि माझ्या पायथ्याजवळ त्यांनी एक निळा मासा काढला. तोंड वर करून आ वासलेला. वर जमलेल्यांना म्हणाले, "पाणी ह्याच्या तोंडाला लागलं की घरात थांबायचं नाही. सामान घेऊन निघायला तेवढा वेळ पुरतो."

तेव्हापासून दरवर्षी पावसाच्या आधी मासा नवा करायची रीत पडली. घराघरांतून उरलेसुरले रंग यायचे, कुणाच्या दाराचा हिरवा तर कुणाच्या कपाटाचा तपकिरी. माशाशेजारी कासव आलं, बेडूक आला. वाण्यानं काढलेला बगळा इतका ढेरपोट्या झाला, की त्याची बायको म्हणाली, ह्यांनी आरशात बघून काढलाय. पण रंगवायला बसायचं म्हणजे खाली जागा हवी. म्हणून आधी सगळे मिळून गाळ उपसायचे, प्लास्टिक काढायचे, ओढा मोकळा करायचे. सफाई हा शब्द कुणी उच्चारायचं नाही. चित्राला जागा करतोय, एवढंच. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, वेळ आली तर कुणाला उचलून न्यायचं, हेही तिथेच ब्रश धुताधुता ठरायचं.

सगळ्यात खालच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या मावशी राहायच्या. त्या, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि एक शिलाई मशीन. दोघींचं पोट त्या मशीनवर. त्यांच्या खिडकीतून मासा समोर दिसायचा, त्यामुळे लक्ष ठेवायचं काम आपसूकच त्यांच्याकडे आलं. एकदा ओढा खरोखरच फुगला. मावशींनी ताट बडवलं आणि सांगितलं, "मासा पाणी प्यायला." चौघांनी सासूबाईंना खाटेसकट वरच्या शाळेत नेलं, वाण्यानं मशीन डोक्यावर घेतलं. गल्लीत पाणी आलं तेव्हा घरांत चिटपाखरू नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

पेंटरकाका गेले आणि ब्रश त्यांच्या लेकीकडे आला. पोरीचा हात बापाहून सरस. पण माझ्या बुडाशी कायमची ओल, तिथे रंग टिकेना, पोपडे सुटायचे. म्हणून तिनं मासा वीतभर वर घेतला. पुढच्या वर्षी तिची पाठ धरली होती, आणखी थोडा वर. मग लोक माशाबरोबर फोटो काढायला लागले. मासा चेहऱ्याशेजारी आला तर छान दिसेल, असं सगळ्यांचंच मत पडलं. होता होता मासा मधल्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्याला लागला. दरवर्षी वीतभरच तर, कोण मोजत बसतंय? आता पायरीवर उभं राहूनच रंगवता येत होतं, मग खाली उतरायचं कशाला? बुडाशी कचरा साठत गेला, ओढ्याचा गळा आवळत गेला.

पाणी माझ्या अंगावर कसकसं चढतं ते मला कळत होतं हो. पण तोंड काढलं होतं ते माशाला, मला कुठलं?

गेल्या पावसाळ्यात भर दुपारी ओढा चढायला लागला. शेजारचा न्हावी दारात येऊन मावशींना म्हणाला, निघायचं का? मावशींनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं.

"मासा अजून कोरडा आहे," त्या म्हणाल्या. "एवढी बाही लावते."

पेंटरकाकांची जागा पाण्याखाली जाऊन कितीतरी वेळ झाला होता. आत मशीन चाललेलं मला ऐकू येत होतं. माझा जीव नुसता तुटत होता. मासा पाणी प्यायला तोवर पाणी वरच्या पायरीवर होतं, आणि मावशींनी ताट उचललं तोवर उंबऱ्याच्या आत. चौघं धावत आले. सासूबाईंना छातीभर पाण्यातून बाहेर काढलं खरं, पण तो गारठा म्हातारीच्या छातीत बसला तो गेलाच नाही. आठवडाही काढला नाही तिनं. मशीन गाळात सापडलं, गंजून.

पाणी उतरल्यावर पेंटरकाकांची लेक पत्रा घेऊन माझ्या अंगावरचे पोपडे खरवडत खाली खाली गेली. गुडघाभर कचरा हातानं बाजूला केला. तेव्हा बापानं काढलेलं निळं तोंड दिसलं. ती तिथेच चिखलात बसली. त्याच वेळी मावशी बोचकं घेऊन पायऱ्यांशी आल्या होत्या. त्या भावाकडे निघाल्या होत्या, कायमच्या. त्यांनी खाली पाहिलं.

"तुझे बाबा पोतं अंथरून बसायचे," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर पोरीला सोसलं असतं.

आता माझ्या अंगावर दोन मासे आहेत. वरचा देखणा, ताजा. खालचा अर्धामुर्धा, पुसट. पावसाळा तोंडावर आलाय आणि बुडाशी पुन्हा कचरा जमलाय. मोठा चित्रकार बोलवावा, अशी चर्चा चालू आहे.

अहो, मला चित्रकार नको. पोतं घ्या, खाली उतरा, मांडी घालून बसा. बगळा ढेरपोट्या झाला तरी चालेल, मासा तेवढा जागेवर आणा. मावशींची खोली रिकामी आहे, उद्या तिथे कुणीतरी राहायला येईल. तिला गल्ली सांगेल, माशाकडे लक्ष ठेव. ती खिडकी उघडेल आणि माझ्यावर विश्वास ठेवेल. तिच्याशी खोटं बोलायची वेळ माझ्यावर आणू नका.