लाल टाक्यांचा टॉवेल

थांबा, हात पुसायच्या आधी माझं जरा ऐकून घ्या. मी टॉवेल बोलतोय. आता अर्धाच उरलोय, कडा उसवल्यात, आणि एके काळी मी पांढराशुभ्र होतो हे सांगावं लागतं. पण माझ्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे दोन टाके दिसतात ना? तेवढे नीट बघून ठेवा.

शेतातल्या कापसाच्या बोंडातून निघून, सूतगिरणीतल्या चात्यांवर गरगर फिरून मी मागावर विणला गेलो. तिथून गठ्ठ्यात बांधून मला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका हॉटेलात आणलं. इतका मऊ आणि जाड होतो की गठ्ठा उघडल्या उघडल्या हॉटेलात काम करणाऱ्या बायकांनी मला गालाला लावून पाहिलं.

हॉटेलच्या मॅनेजर साहेबांना हंसांचं भारी वेड. प्रत्येक पलंगावर रोज टॉवेलचा हंस बसलाच पाहिजे, ही त्यांची शिस्त. मग काय, मला पिळून, दुमडून, मान काढून ऐटीत बसवायचे. पाहुणे यायचे, कौतुकाने फोटो काढायचे आणि मग तीच मान पिरगाळून मला अंघोळीला न्यायचे.

न्हाणीघरात एक छान पाटी होती. ‘पाणी वाचवा. टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर खुंटीवर टांगा.’ पुष्कळ पाहुणे मनापासून टांगायचे. आपण काहीतरी चांगलं केलं, असं समाधान त्यांच्या तोंडावर दिसायचं. पण ओलसर टॉवेलचा हंस काही होत नाही, त्याची मान लुळी पडते. एकदा कुणीतरी तशी तक्रार केली आणि साहेबांनी हुकूमच काढला, टांगलेला असो की फेकलेला, सगळा माल रोज धुवायला. पाटी मात्र तशीच राहिली.

खाली धुलाईखोलीत वहिनी होती. तशी ती कुणाचीच वहिनी नव्हती, पण सगळे तिला तसंच म्हणायचे. हॉटेलच्या मागच्या भिंतीला लागून तिची वस्ती. घरी तान्ही मुलगी होती, तिला सासूकडे ठेवून ती कामावर यायची. भिंतीच्या अलीकडे हॉटेलची बोअर, पलीकडे वस्तीची विहीर. इकडे धुलाईचं मशीन भरलं की तिकडे विहीर खाली जायची. उन्हाळ्यात तर तळाचा चिखल वर यायचा. वहिनीच्या लेकीचं अंग घामोळ्यांनी लाल झालेलं, आणि अंघोळ म्हणजे ओल्या फडक्याने पुसणं. दिवसभर हिच्या हातून पाण्याचे लोंढे वाहायचे आणि घरी पोरीच्या डोक्यावर तांब्याभर पाणी घालायची चोरी.

इस्त्रीवाली मावशी तिला म्हणायची, अगं, साहेबांच्या कानावर घाल. वहिनी मला पिळता पिळता म्हणायची, “घालते की. मग उद्यापासून आपण दोघी मिळून कोरड्या विहिरीत डोकावत बसू.” दोघी हसायच्या. पण हसता हसता ती मला जरा जास्तच जोरात पिळायची.

आणि मग एक आजी-आजोबा राहायला आले. आजींना एक सवय होती. आपल्या आणि आजोबांच्या टॉवेलात गल्लत नको, म्हणून स्वतःच्या टॉवेलला त्या लाल टाके घालायच्या. घरी घालायच्या तसे इथेही घातले, हॉटेलचा माल आहे हे ध्यानातच आलं नाही. पर्समधून सुईदोरा काढला, दोन टाके घातले, आणि अंघोळ झाल्यावर मला पाटीबरहुकूम खुंटीवर टांगलं. आजोबा म्हणाले, “आता तुला दंड लावतील बघ.”

दुसऱ्या दिवशी फिरून आल्या तर पलंगावर नवा हंस. आजींनी त्याची घडी मोडून चारही कोपरे तपासले. लाल टाका कुठेच नाही. त्या तडक मॅनेजर साहेबांपुढे उभ्या.

“आजी, उलट स्वच्छ टॉवेल दिलाय तुम्हाला,” साहेब गोड बोलले.

“स्वच्छ कुणी मागितला? मी माझा टांगला होता. पाटी तुमचीच ना?”

साहेबांनी समजूत घालायचा खूप प्रयत्न केला. आजी ऐकेनात. मला शोधायला त्या थेट धुलाईखोलीत उतरल्या, मागून साहेब, त्यांच्या मागून हसू दाबत आजोबा. मी ओल्या ढिगात वरच पडलो होतो. आजींनी मला उचललं, टाके साहेबांना दाखवले आणि वहिनीला सहज विचारलं, एवढ्या धुण्याला पाणी येतं तरी कुठून?

वहिनीने साहेबांकडे पाहिलं. मूग गिळून बसायचं की बोलायचं? माझी दुसरी कड तिच्या मुठीत होती. ती मूठ आवळली.

“बोअर हॉटेलची आहे, आजी,” ती म्हणाली, “पण पाणी आमच्या विहिरीचं येतं. माझ्या लेकीची अंघोळ या ढिगात गेलीय.”

मग साहेब स्वतः मागचं दार उघडून भिंतीपलीकडे गेले. एक म्हातारा विहिरीतून बादली ओढत होता. पाव बादली पाणी, तेही गढूळ. साहेबांनी ती बराच वेळ पाहिली.

आजी मागे येऊन हळूच म्हणाल्या, “साहेब, पाटी खरी करा, नाहीतर काढून तरी टाका.”

साहेब परत आले ते कपाळाचा घाम पुसतच. वहिनीला वाटलं, आता गेली नोकरी. ते म्हणाले, “वहिनी, मशीन बंद करा. टांगलेले टॉवेल उद्यापासून खाली आणायचेच नाहीत.”

“आणि हंस, साहेब?”

“उडाले,” साहेब म्हणाले. आजोबा खो खो हसले.

तेव्हापासून हॉटेलच्या दारातच रंगीत दोऱ्यांची टोपली असते. ज्याला हवं त्याने आपल्या टॉवेलला खूण करायची आणि तो बदलला तर जाब विचारायचा. चादरींचंही तेच झालं. लोकांना तर त्याचीच मजा वाटू लागली. विहिरीचं पाणी हळूहळू वर चढलं. वस्तीतल्या बायकांनी बादलीचा दोर आखूड केला त्या दिवशी वहिनी भिंतीवरून आम्हाला, म्हणजे वाळत घातलेल्या टॉवेलांना, हात करत होती.

मी विरलो तेव्हा साहेबांनीच माझे दोन तुकडे करून वहिनीला दिले. एका तुकड्याने ती घर पुसते. टाक्यांचा तुकडा, म्हणजे मी, तिच्या लेकीचा. ती पोरगी माझा लाल कोपरा चोखत बसते. मान काढून पलंगावर बसायचो त्याहून ही ऐट मोठी.

तुम्ही कधी परगावी उतरलात तर एवढं करा. तिथल्या माझ्या भाऊबंदाला खुंटीवर टांगा, आणि दुसऱ्या दिवशी तो तिथेच आहे का, ते बघा. नसला तर विचारा.

चला, मला हाक आली. पोरीची अंघोळ झालीय, आणि बादलीत अजून अर्धं पाणी शिल्लक आहे.